अमेरिकेतला ‘पब्लिक ऑप्शन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या आरोग्यविम्याबद्दल लिहायला लागल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहतो: सरकारने स्वतःच विमा विकला तर कुणाचं काय बिघडतं? विचारणाऱ्यांत न्यू जर्सीत नोकरी करणारे आहेत, मुलीकडे राहून परतलेले पुण्याचे आजी-आजोबा आहेत आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थीही आहेत. त्यांचे प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. माझं मतही उत्तरांत येईल, ते लपवलेलं नाही. हा वाद ‘सरकार की बाजार’ असा मांडला जातो. मला तो मुळात रुग्णालयांना मिळणाऱ्या दराचा वाद वाटतो.

१. ‘पब्लिक ऑप्शन’ म्हणजे नेमकं काय? थोडक्यात सांगा.

सरकारने चालवलेली आरोग्यविमा योजना, जी खासगी कंपन्यांच्या योजनांच्या शेजारी त्याच बाजारात विकायला ठेवलेली असते. पटली तर घ्या, नाही तर खासगी घ्या. हप्ता दोन्हीकडे भरायचा. उपचार फुकट नसतात आणि सरकारी दवाखान्यातच जायचं अशी सक्तीही नसते. डॉक्टर आणि रुग्णालयं आहेत तीच राहतात, बिल मात्र सरकारी योजनेकडे जातं.

ही कल्पना देशभर पोचली ती मुख्यतः राज्यशास्त्राचे प्राध्यापक जेकब हॅकर यांच्या मांडणीमुळे. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी बराक ओबामा, हिलरी क्लिंटन आणि जॉन एडवर्ड्‌स या तिघांच्याही आराखड्यात ती कुठल्या ना कुठल्या स्वरूपात होती.

२. म्हणजे सिनेटर बर्नी सँडर्स म्हणतात ते ‘मेडिकेअर फॉर ऑल’च ना?

नाही, आणि ही गल्लत सर्वांत जास्त होते. सँडर्स यांच्या योजनेत सगळ्यांचा विमा सरकारकडेच असतो. खासगी विम्याला जवळजवळ जागाच उरत नाही आणि पैसा करांतून येतो. पब्लिक ऑप्शनमध्ये खासगी कंपन्या राहतात, सरकारी योजना त्यांच्यातलीच एक होते. ब्रिटनची एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा तर याहूनही वेगळी. तिथे बहुतेक रुग्णालयंच सरकारी यंत्रणेची आहेत.

गल्लत होण्यामागे राजकारणही आहे. डाव्या बाजूच्या अनेकांना पब्लिक ऑप्शन ही सँडर्स यांच्या योजनेकडे जाणारी पहिली पायरी वाटते, म्हणून ती हवी असते. उजव्या बाजूला नेमकी तीच भीती वाटते, म्हणून ती नको असते.

३. अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड आधीपासून आहेत. मग आणखी एक सरकारी योजना कशाला?

कारण त्या दोन्ही योजना सगळ्यांसाठी नाहीत. दोन्हींच्या कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी आणि काही अपंगांसाठी. मेडिकेड गरिबांसाठी, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती, त्यामुळे तिचे नियम राज्यागणिक बदलतात. मधल्या वयाचा आणि मधल्या उत्पन्नाचा माणूस नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर अवलंबून असतो. नोकरी गेली, स्वतःचा छोटा धंदा असला किंवा मालक विमा देतच नसला, की तो उघड्यावर पडतो. २००९ मध्ये साडेचार कोटींहून जास्त लोकांकडे कुठलाच विमा नव्हता. पब्लिक ऑप्शनची चर्चा या मधल्या माणसासाठी होती.

४. बाजारात इतक्या कंपन्या असताना आणखी एका विमा योजनेने असा काय फरक पडणार होता?

सगळा वाद इथेच आहे, म्हणून हे उत्तर लांबलं आहे.

समर्थक सहसा सांगतात की सरकारी योजनेला नफा काढायचा नसतो, जाहिरातींवर उधळायचं नसतं, म्हणून हप्ता कमी. हे खरं आहे, पण तेवढ्याने फार मोठी बचत होत नाही. शिवाय २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने (‘ओबामाकेअर’) खासगी कंपन्यांनाही बंधन घातलं: वैयक्तिक आणि छोट्या गटांच्या विम्यात जमा हप्त्यातले किमान ८० टक्के आणि मोठ्या गटांत किमान ८५ टक्के उपचारांवर किंवा सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च झालेच पाहिजेत, नाही तर फरक ग्राहकाला परत.

मोठी बचत दरांत दडली आहे. अमेरिकेत एकाच रुग्णालयातली एकच शस्त्रक्रिया, पण पैसे कोण भरतं त्यावर तिची किंमत ठरते. मेडिकेअरचे दर सरकार ठरवतं. खासगी कंपन्या रुग्णालयांशी घासाघीस करून दर ठरवतात आणि ते मेडिकेअरच्या सरासरी दुपटीहून जास्त असतात. एखाद्या शहरात रुग्णालयांचा एकच मोठा समूह उरला असेल तर कंपनीला त्याच्यापुढे फारसं बोलताच येत नाही. म्हणून सरकारी योजनेने मेडिकेअरच्या दराने किंवा त्याहून थोड्या जास्त दराने पैसे दिले, तर तिचा हप्ता उतरतो. मग खासगी कंपन्याही रुग्णालयांना म्हणू शकतात की आम्हालाही दर कमी करा, नाही तर आमचे ग्राहक तिकडे जातील. महाराष्ट्रात खासगी ट्रॅव्हल्सच्या भाड्याला एसटीच्या दीडपटीची कमाल मर्यादा आहे. तिथे एसटीचा दर हीच फूटपट्टी होते, तसंच हे.

आता उलट बाजू बघा. सरकारी योजनेलाही इतरांसारखी घासाघीसच करायला लावली तर? मग ती गर्दीतली आणखी एक कंपनी होते. हप्ता कमी होण्याचं काही कारण उरत नाही. त्यामुळे कुठलाही नवा ‘पब्लिक ऑप्शन’ मांडला गेला की मी आधी रुग्णालयांचा दर कसा ठरणार ते शोधतो. बाकीचं नंतर वाचलं तरी चालतं.

५. विरोध करणारे सगळे विमा कंपन्यांचेच लोक आहेत का? त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही?

तथ्य आहे. विमा कंपन्यांची संघटना विरोधात होती हे खरं, पण रुग्णालयांचा विरोधही तितकाच तीव्र होता. त्यांचं म्हणणं असं की मेडिकेअरचे दर खर्च भरून निघण्याइतके नसतात, तूट खासगी विमेदारांकडून भरून काढावी लागते. ते सगळेच मेडिकेअरच्या दरावर गेले तर छोट्या गावांतली रुग्णालयं बंद पडतील. मोठ्या शहरी रुग्णालयांच्या तोंडी हा युक्तिवाद मला पटत नाही. पण नेब्रास्का किंवा मिसिसिपीच्या ग्रामीण भागातल्या, कायम तोट्याच्या काठावर असलेल्या रुग्णालयांबद्दल तो गंभीरपणे घ्यायला हवा.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा. नियम करणारं आणि मैदानात उतरणारं सरकार एकच असेल, तर सामना बरोबरीचा कसा? तिसरा आक्षेप असा, की योजना तोट्यात गेली तर कुठलं सरकार तिला बुडू देईल? शेवटी भुर्दंड करदात्यांवरच. हे प्रश्न रास्त आहेत. योजना हप्त्यांतूनच चालली पाहिजे, अशी अट २००९ च्या विधेयकात त्यासाठीच होती.

६. २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा, दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅट्‌सचं बहुमत. तरीही पब्लिक ऑप्शन गेला कसा?

आधी तो बोथट झाला आणि मग निघाला. तो सिनेटने मारला असं सांगितलं जातं, पण अर्धं काम त्याआधीच झालं होतं.

प्रतिनिधिगृहात मूळ कल्पना मेडिकेअरच्या दरावर पाच टक्के जास्त देण्याची होती. स्वतःच्याच पक्षातल्या मध्यममार्गी आणि ग्रामीण मतदारसंघांतल्या सदस्यांनी ती अडवली. मेडिकेअरचे दर आपल्या भागात आधीच कमी आहेत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांनी वाटाघाटीने दर ठरवणारी आवृत्ती पुढे नेली. ७ नोव्हेंबर २००९ रोजी विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झालं आणि पब्लिक ऑप्शन त्यात होता. पण प्रश्न ४ मध्ये सांगितलेला त्याचा दात तोवर काढला गेला होता.

सिनेटमध्ये वाट आणखी अरुंद. २९ सप्टेंबरला मॅक्स बॉकस यांच्या वित्त समितीत पब्लिक ऑप्शन घालण्यासाठी दोन दुरुस्त्या आल्या. जे रॉकफेलर यांची १५ विरुद्ध ८ मतांनी पडली, चक शूमर यांची १३ विरुद्ध १० मतांनी. दोन्ही वेळा काही डेमोक्रॅट्‌सनीच विरोधात मत दिलं. बॉकस यांचा हिशेब साधा होता: चर्चा लांबवून विधेयक अडवण्याची सिनेटची प्रथा मोडायला ६० मतं लागतात आणि ती दिसत नव्हती.

बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी ऑक्टोबरमध्ये एक तोड काढली: योजना देशभर असेल, पण ज्या राज्याला नको त्याने बाहेर पडावं. कनेक्टिकटचे अपक्ष सिनेटर जो लिबरमन यांनी तरीही आपण विधेयक अडवू असं जाहीर केलं. कनेक्टिकट हे विमा कंपन्यांचं जुनं घर. डिसेंबरमध्ये आणखी एक पर्याय पुढे आला, ५५ ते ६४ वयाच्यांना पैसे भरून मेडिकेअरमध्ये येऊ द्यायचं. लिबरमन यांनी तोही नाकारला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनीच अशा कल्पनेची बाजू घेतली होती. नेब्रास्काचे बेन नेल्सन यांच्यासारखे आणखी काही जण नाराज होतेच. २४ डिसेंबरला सकाळी सिनेटने ६० विरुद्ध ३९ मतांनी विधेयक मंजूर केलं, पब्लिक ऑप्शनशिवाय.

ओबामांनी त्यासाठी जीव ओतला का? माझं उत्तर, नाही. ९ सप्टेंबरच्या संसदेतल्या भाषणात त्यांनी त्याची बाजू मांडली, पण तो योजनेचा फक्त एक भाग आहे आणि पाच टक्क्यांहून कमी अमेरिकन तो घेतील असंही सांगून टाकलं. सौद्यात जी वस्तू सोडायची तयारी असते तिच्याबद्दल असं बोललं जातं.

७. नंतर ५१ मतांच्या पद्धतीने कायद्यात बदल केलेच होते. तेव्हा तो का घातला नाही?

२०१० च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्‌सची पोटनिवडणूक स्कॉट ब्राउन जिंकले आणि डेमोक्रॅट्‌सचं साठावं मत गेलं. म्हणून मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने सिनेटचंच विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी स्वीकारलं आणि पुढच्या दुरुस्त्या अर्थसंकल्पी विधेयकाच्या वाटेने केल्या. त्या वाटेला साधं बहुमत पुरतं. सिनेटर मायकेल बेनेट यांच्या पुढाकाराने बऱ्याच सिनेटरांनी पब्लिक ऑप्शन त्यातून आणा असं पत्रही लिहिलं. नेतृत्वाने ते धाडस केलं नाही. प्रतिनिधिगृहातलं मताधिक्य इतकं काठावरचं होतं की एक वादग्रस्त कलम वाढवलं असतं तर सगळाच कायदा बुडण्याची भीती होती. २३ मार्च २०१० ला ओबामांनी मूळ कायद्यावर सही केली.

८. सरकारी विम्यात म्हाताऱ्यांना उपचार द्यायचे की नाही हे ‘डेथ पॅनल’ ठरवणार होतं, हे खरं का?

खोटं. विधेयकात असं कुठलंही मंडळ नव्हतं. अखेरच्या आजारपणात कोणते उपचार हवे, कोणते नकोत याबद्दल रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरशी बोलायचं ठरवलं, तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअर देईल, एवढीच तरतूद होती. ऑगस्ट २००९ मध्ये रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांनी हा शब्दप्रयोग फेसबुकवर वापरला आणि तो त्या उन्हाळ्यातल्या मतदारसंघांच्या सभांमध्ये वणव्यासारखा पसरला. वयस्कर माणसांना विनाकारण घाबरवलं गेलं याचा मला आजही संताप येतो. ती तरतूद नंतर वगळण्यात आली.

९. कुणी म्हणतं ६० लाख लोक आले असते, कुणी म्हणतं १२ कोटी. खरा आकडा कोणता?

दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या योजनांचे आहेत. ल्युइन ग्रुप या सल्लागार संस्थेने २००९ मध्ये सुमारे ११ कोटी ९० लाखांचा अंदाज दिला. त्यात योजना सर्वांना खुली आणि दर मेडिकेअरचे, असं गृहीत होतं. (ही संस्था युनायटेडहेल्थ या विमा समूहाच्या मालकीची होती हेही लक्षात ठेवावं.) संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाचा हिशेब केला. त्यात दर वाटाघाटीचे होते आणि मोठ्या कंपन्यांतल्या नोकरदारांना दार बंद होतं. आकडा आला सुमारे ६० लाख. शिवाय या योजनेचा हप्ता खासगी सरासरीपेक्षा थोडा जास्तच असेल असंही ते कार्यालय म्हणालं, कारण जास्त आजारी लोक तिच्याकडे वळतील.

त्याच कार्यालयाने २०१३ मध्ये मेडिकेअरशी जोडलेल्या दरांची आवृत्ती तपासली तेव्हा चित्र पालटलं: हप्ता खासगी योजनांपेक्षा सात ते आठ टक्के कमी आणि २०२३ पर्यंतच्या दशकात सरकारी तुटीत १५८ अब्ज डॉलरची घट. दर बदलला की निष्कर्ष उलटा होतो, तो असा.

१०. पब्लिक ऑप्शनच्या बदल्यात सहकारी विमा आला होता म्हणतात. त्याचं काय झालं?

सिनेटर केंट कॉनरॅड यांची ती कल्पना. विमेदारांच्याच मालकीच्या, ना-नफा संस्था, सुरुवातीला सरकारी कर्ज. अशा २३ संस्था उभ्या राहिल्या आणि बहुतेक काही वर्षांतच बंद पडल्या. भांडवल तुटपुंजं, हप्त्यांचे अंदाज चुकलेले आणि केंद्राकडून नुकसानभरपाईचे अपेक्षित पैसे वेळेवर न आलेले. सहकाराची परंपरा असलेल्या आपल्या वाचकांना हे वाचून वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण रुग्णालयाशी दर ठरवताना नव्या, छोट्या संस्थेच्या हातात काहीच नसतं.

११. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोमध्ये तर पब्लिक ऑप्शन सुरू आहे! मग चर्चा कसली?

नावाने आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२१ पासून योजना विकायला आली. पण ती राज्य सरकार स्वतः चालवत नाही. खासगी कंपन्या राज्याशी करार करून ती विकतात. राज्याचं बंधन एवढंच, की रुग्णालयं आणि डॉक्टरांना मिळून मेडिकेअरच्या १६० टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही. पहिल्याच वर्षी अडचण उभी राहिली. अनेक रुग्णालयं सहभागीच झाली नाहीत. नेटवर्कमध्ये रुग्णालय नसेल तर विमा विकणार कसा? शेवटी २०२१ मध्ये राज्याला सक्तीचा कायदा करावा लागला.

कोलोरॅडोने वेगळा मार्ग धरला. २०२१ च्या कायद्याने कंपन्यांना तीन वर्षांत हप्ता १५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचं लक्ष्य दिलं, विक्री २०२३ पासून सुरू झाली. लक्ष्य चुकलं तर राज्याचे विमा आयुक्त सुनावणी घेऊन रुग्णालयांचे दर ठरवू शकतात. पहिल्या वर्षी अनेक कंपन्यांचं लक्ष्य चुकलं. तरीही मला हा प्रयोग जास्त आशादायक वाटतो, कारण दर ठरवण्याचा अधिकार कायद्यात लिहिलेला आहे. नेवाडानेही २०२१ मध्ये कायदा केला, त्याची अंमलबजावणी २०२६ साठी ठरली.

१२. बायडेन यांनी २०२० मध्ये पब्लिक ऑप्शनचं वचन दिलं होतं ना?

दिलं होतं, आणि सँडर्स यांच्याविरुद्धच्या प्रचारात तोच त्यांचा मुख्य पर्याय होता. सत्तेत आल्यावर त्यांनी संसदेत तो रेटला नाही. सिनेटमध्ये ५०–५० अशी स्थिती होती. त्यांनी सोपा मार्ग घेतला: खासगी विम्याच्या हप्त्यावरचं सरकारी अनुदान वाढवलं, आधी २०२१ मध्ये आणि मग मुदत वाढवून २०२५ अखेरपर्यंत. अनुदानाने ग्राहकाला दिलासा मिळतो, पण रुग्णालयाचं बिल होतं तेवढंच राहतं. फरक सरकार भरतं आणि अनुदान थांबलं की हप्ता पुन्हा ग्राहकाच्या अंगावर येतो.

१३. आपल्याकडची आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणजे पब्लिक ऑप्शनच झाला की?

नाही. त्या योजनांत पात्र कुटुंबाला सहसा हप्ता भरावा लागत नाही, खर्च सरकार उचलतं. त्या मेडिकेडच्या जास्त जवळच्या. पब्लिक ऑप्शनच्या सर्वांत जवळचं भारतात काही असेल तर ते न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्ससारख्या सरकारी कंपन्यांचं मेडिक्लेम. मालकी सरकारची, हप्ता ग्राहकाचा आणि शेजारी खासगी कंपन्यांची स्पर्धा. मात्र या कंपन्याही रुग्णालयांवर कायद्याने दर लादू शकत नाहीत, म्हणजे प्रश्न ४ मधली अडचण त्यांनाही आहेच. उलट जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियांच्या पॅकेजचे दर सरकार ठरवतं. ते परवडत नाहीत ही खासगी रुग्णालयांची तक्रार अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तक्रारीशी हुबेहूब जुळते.

१४. आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत, विमा नोकरीतून मिळतो. आम्हाला तेव्हा पब्लिक ऑप्शन घेता आला असता का?

बहुधा नाही. परवडणारा विमा मालकाकडून मिळत असेल, तर २००९ च्या आवृत्तीत तुम्हाला त्या विधेयकाने उभ्या होणाऱ्या विमा-बाजारात अनुदान मिळालं नसतं. मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना तर हा मार्ग जवळजवळ बंदच होता. नोकरी गेली असती तर मात्र उपयोग झाला असता.

सध्याच्या बाजाराबद्दल एक महत्त्वाची गोष्ट: २०२५ च्या कायद्याने २०२७ पासून हप्त्यावरचं केंद्रीय अनुदान मुख्यतः नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरतं ठेवलं आहे. एच-वन-बीवाल्यांना विमा विकत घेता येईल, पण तो पूर्ण किमतीला. पुढे कधी पब्लिक ऑप्शन आलाच, तर त्यातही हाच निकष लागू होईल की नाही हे विधेयकात शोधावं लागेल.

१५. आईबाबांना ग्रीनकार्ड मिळालं आहे, दोघंही सत्तरीचे. त्यांना मेडिकेअर लगेच मिळेल ना?

लगेच नाही. मुलाने किंवा सुनेने कितीही वर्षं कर भरला असला तरी तो आईवडिलांच्या खात्यात धरत नाहीत. त्यांची स्वतःची (किंवा जोडीदाराची) अमेरिकेत साधारण दहा वर्षांची नोकरी नसेल, तर सलग पाच वर्षं कायम वास्तव्य झाल्यावरच त्यांना मेडिकेअर घेता येतं, आणि तेव्हाही रुग्णालयाच्या भागासाठी वेगळा हप्ता भरून.

मधल्या पाच वर्षांत ओबामाकेअरच्या बाजारातून खासगी विमा घेता येतो, वय किंवा जुना आजार पाहून नाकारता येत नाही. अनुदान घरच्या उत्पन्नावर ठरतं. आईबाबा मुलाच्या कर-विवरणात अवलंबित असतील तर त्याचं उत्पन्न धरलं जातं. ते स्वतंत्र विवरण भरत असतील आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल, तर २०२६ पासून त्यांना हे अनुदान मिळत नाही. आधी मिळत असे. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना हा बाजार खुला नाही, त्यांनी व्हिजिटर इन्शुरन्सच घ्यावा आणि जुन्या आजारांबद्दलचं कलम सही करण्याआधी पूर्ण वाचावं.